कुंडीतील भाजीच्या रोपांवर वाढणारे शेवाळ

जून महिन्याच्या उत्तरार्धात गोव्यातील एखाद्या खेड्यातून फेरी मारली, तर बहुतेक घरांच्या परसात मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे वाढत असलेली दिसतात. ती कोठे मातीच्या कुंड्यांत, कोठे प्लास्टिकच्या पिशव्यांत, कोठे तेलाच्या कापलेल्या डब्यांत, तर क्वचित नारळाच्या करवंट्यांतही लावलेली असतात. पेरणीनंतर दोन-तीन आठवडे लोटले की यांपैकी अनेक कुंड्यांतील मातीवर हिरवट छटा येते आणि पुढे महिन्याभरात तेथे आखूड मखमलीसारखा दाट थर पसरतो. कोवळ्या रोपाला ह्या थराने वेढलेले पाहून घरातील माणसे चिंतेत पडतात. कोणी तो नखाने खरवडून टाकते, कोणी वर चुना भुरभुरते, कोणी मिठाचे पाणी शिंपडते. खरवडलेल्या कुंडीत थोड्याच दिवसांत थर पुन्हा दिसू लागतो. मिठाचे पाणी घातलेल्या कुंडीत तो सहसा येत नाही. पण तेथे रोपही उरत नाही.

हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि पावसाच्या पाण्यावर येणारी मिरची हे गोव्यातील अनेक कुटुंबांचे वर्षाच्या बेगमीचे पीक आहे. काणकोण तालुक्यातील खोल्याच्या मिरचीसारखे स्थानिक वाण तर घरी राखून ठेवलेल्या बियांवरच टिकून राहिले आहेत. डोंगरउतारावर लावणी करण्यासाठी रोप वेळेवर हाताशी असावे लागते. जुलैच्या आरंभी रोपे मेली तर पुन्हा बी टाकून, पुन्हा महिना-सव्वा महिना थांबून लावणी करीपर्यंत पावसाचा चांगला काळ निघून जातो आणि राखलेले बीही संपलेले असते. म्हणून शेवाळ दिसताच काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे समजून घेणे इष्ट आहे.

हे शेवाळ म्हणजे नेमके काय

बोलीभाषेत विहिरीतील बुळबुळीत हिरवळीपासून चिऱ्यांच्या गडग्यावरील मखमलीपर्यंत सर्वांनाच शेवाळ म्हटले जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ह्या एका शब्दाखाली निरनिराळ्या वनस्पती येतात आणि कुंडीत त्यांपैकी कोणती वाढली आहे हे डोळ्यांनी ओळखता येते. मातीवर नुसतीच हिरवी किंवा काळपट, बोटाला निसरडी लागणारी साय असेल व ती सुकल्यावर पापुद्र्यासारखी उचलली जात असेल, तर ते शैवाल होय. त्याला खोड नसते व पानेही नसतात. चपट्या, फाटे फुटलेल्या हिरव्या पट्ट्या मातीला चिकटून पसरल्या असतील आणि त्यांच्या पाठीवर बारीक पेल्यांसारखे आकार दिसत असतील, तर ती यकृतका नावाची वनस्पती होय. आणि ज्या थरात भिंगातून पाहिल्यास इवलीशी उभी खोडे व त्यांभोवती दाटीने बसलेली बारीक पाने दिसतात, ती मॉस, म्हणजेच परिभाषेतील हरिता. कुंडीतला मखमली थर तो हाच. प्रस्तुत लेखात मुख्यतः मॉसचा विचार केला आहे. परंतु तिन्ही वनस्पतींना सारखीच परिस्थिती मानवत असल्याने पुढील बहुतेक उपाय तिन्हींना लागू पडतात.

मॉस ही पूर्ण वाढलेली स्वतंत्र वनस्पती आहे. ती सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न स्वतः तयार करते. ती बांडगुळाप्रमाणे रोपाच्या अंगात शिरत नाही आणि त्याचा रसही शोषत नाही. तिला खरी मुळे नसतात. मातीला धरून राहण्यापुरते केसासारखे तंतू असतात. पाणी व क्षार ती मुख्यतः आपल्या संपूर्ण अंगाने शोषून घेते, कारण तिची पाने बहुधा पेशींच्या एकाच थराची असतात व त्यांवर इतर वनस्पतींसारखे जाड मेणचट आवरण नसते. ह्याच कारणामुळे ती खोल जमिनीतील ओलाव्यावर जगू शकत नाही. तिला ओल हवी ती अगदी पृष्ठभागावर. तिच्या प्रजोत्पादनालाही पाण्याचा पातळ पापुद्रा लागतो, कारण तिच्या नरपेशी पाण्यातून पोहत जाऊनच स्त्रीपेशीशी संयोग पावतात. पुढे बारीक दांड्यांच्या टोकांवर बोंडे येतात, त्यांतून धुळीसारखे बीजाणू बाहेर पडतात व वाऱ्याबरोबर सर्वत्र पसरतात. बीजाणू रुजला की प्रथम हिरव्या धाग्यांचे जाळे तयार होते. मातीवर सुरुवातीला दिसणारी हिरवट छटा बहुधा हे जाळे किंवा शैवाल असते. मॉसचा तुटलेला तुकडाही ओल्या मातीवर पुन्हा वाढू लागतो, ही गोष्ट येथेच लक्षात ठेवावी.

तिचे आणखी एक वैशिष्ट्य गोमंतकीयांच्या रोजच्या पाहण्यातील आहे. मार्च-एप्रिलमध्ये कौलांवर व गडग्यांवर करडा-तपकिरी कोरडा थर दिसतो. तो मेला असे वाटते, परंतु पावसाचे पाणी लागताच त्यातील बराचसा भाग थोड्याच वेळात हिरवा होतो. बऱ्याच जातींचे मॉस पूर्ण सुकूनही जिवंत राहू शकतात. त्यामुळे गेल्या वर्षीची माती उन्हाळाभर कोरडी पडली होती, म्हणून तिच्यात मॉस उरले नसेल, हा समज फसवा ठरतो.

अग्नीनेही तिचा कायमचा बंदोबस्त होत नाही. कोकणपट्टीत भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची जुनी पद्धत आहे. तण व कीड कमी करण्यास ती उपयोगी पडत असली, तरी फ्युनेरिया नावाचे एक मॉस जगभर जळक्या जमिनीवरच सर्वांत आधी वस्ती करण्याबद्दल प्रसिद्ध आहे. राखेतील क्षार आणि स्पर्धकांचा अभाव ह्या दोन्ही गोष्टी त्याच्या पथ्यावर पडतात.

अपाय किती व कोणता

मॉसमुळे रोपाचे अन्न पळविले जाते, ही समजूत सार्वत्रिक आहे, पण ती फारशी खरी नाही. चार पानांवर आलेल्या, हाताच्या वितीएवढ्या रोपाला मॉसच्या पातळ थराचा उपद्रव नगण्य असतो. प्रत्यक्ष अपाय होतो तो दोन अवस्थांत. पहिली अवस्था म्हणजे बी नुकतेच टाकलेले असताना. मिरची-वांग्याचे बी बारीक असते. वर हिरव्या धाग्यांचा व शैवालाचा पापुद्रा धरला तर अंकुराला वर येणे जड जाते, आणि आलेला अंकुर त्या थरात दडपला जातो. दुसरी अवस्था म्हणजे थर जाड होऊन रोपाच्या बुंध्याला भिडतो तेव्हा. असा थर बुंध्यापाशी ओल धरून ठेवतो, गोगलगाईंच्या लहान पिलांना आसरा देतो, आणि काळ्या चिलटांसारख्या बारीक माश्या अशाच ओल्या, हिरव्या पृष्ठभागावर अंडी घालतात. त्यांच्या अळ्या शैवाल व बुरशीबरोबर रोपाची कोवळी मुळेही कुरतडतात.

परंतु खरे संकट मॉस नव्हे, तर मॉस ज्याची खूण आहे ती सततची ओल होय. जी माती मॉसला पोसते तीच माती रोपे कोलमडण्याच्या रोगालाही पोसते. पिथियम, रायझोक्टोनिया इत्यादी बुरशींमुळे होणाऱ्या ह्या रोगात रोपाचे खोड जमिनीलगत पाणचट होते, बारीक पडते आणि सायंकाळी ताठ असलेले रोप सकाळी आडवे झालेले आढळते. एका पिशवीत सुरू झालेला हा रोग पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या पिशव्यांत जातो. मॉस वाढल्यानंतर रोपे मेली हे पाहून लोक मॉसला दोष देतात. वस्तुतः दोघांचे मूळ एकच असते. खालची पाने पिवळी पडणे हेही बहुधा त्याच मूळ कारणाचे लक्षण असते. पाण्याने भरलेल्या मातीत हवा शिरत नाही, मुळे गुदमरतात व असलेले अन्नही उचलू शकत नाहीत. अशा वेळी रोप उपाशी आहे असे समजून युरिया घातला जातो, त्याने रोप सुधारत नाही आणि वरचा हिरवा थर मात्र जोमाने वाढतो.

वांग्याच्या बाबतीत आणखी एक गल्लत होते. पाने हिरवी असतानाच झाड एकाएकी माना टाकते, तेव्हा तो पुष्कळदा जिवाणूंमुळे येणारा मर रोग असतो व त्याचा मॉसशी काहीही संबंध नसतो. असे झाड उपटून जमिनीलगतच्या खोडाचा तुकडा कापावा व त्याचे टोक काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरून ठेवावे. काही मिनिटांत त्यातून दुधाळ धागा पाण्यात उतरू लागला, तर रोग जिवाणूजन्य आहे असे समजावे. त्या कुंडीतील माती पुन्हा वांगी, मिरची किंवा टोमॅटोसाठी वापरू नये.

ओल का साचते

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच येतो. हवा दमट, आभाळ झाकलेले, ऊन क्वचित. अशा दिवसांत पृष्ठभाग ओला राहणारच, मग कुंडीचा दोष तो काय, असा प्रश्न विचारला जाईल. पण एकाच परसात, एकाच पावसात, एका कुंडीवर दाट मॉस असते व शेजारच्या कुंडीवर नसते, हेही तितकेच खरे आहे. फरक पडतो तो मातीची घडण, तळाचे भोक, कुंडीची जागा व पाणी घालण्याची रीत यांमुळे.

यांपैकी तळाच्या निचऱ्याविषयीची एक समजूत मुद्दाम तपासून पाहण्यासारखी आहे. कुंडी भरताना तळाशी खापऱ्या, खडी किंवा चिऱ्याचे तुकडे यांचा चांगला जाड थर द्यावा म्हणजे पाणी निथळून जाते, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. प्रत्यक्षात मातीच्या कणांमधील सूक्ष्म पोकळ्या पाण्याला धरून ठेवतात, आणि खालच्या खडीतील मोठ्या पोकळ्या ते ओढून घेऊ शकत नाहीत. परिणामी खडीच्या लगेच वर मातीचा काही बोटे जाडीचा थर पाण्याने भरलेलाच राहतो. खडी घातल्याने हा भरलेला थर नाहीसा होत नाही; तो तेवढा वर, मुळांच्या अधिक जवळ, सरकतो. भोकावरून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी उपडी ठेवणे योग्य आहे. त्याहून अधिक खडीचा उपयोग नाही. ह्याच कारणामुळे उथळ भांड्यातील माती खोल भांड्यातील मातीपेक्षा अधिक ओली राहते. भरलेल्या थराची जाडी दोन्हींत सारखीच असते, पण उथळ भांड्यात तो जवळजवळ पृष्ठभागापर्यंत पोचतो. करवंटीत व बसक्या डब्यात मॉस लवकर येण्याचे हे मुख्य कारण होय.

ही गोष्ट शिक्षकांना वर्गात सहज दाखविता येईल. आंघोळीचा एक आयताकार स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरावा. पाणी गळायचे थांबले की तोच स्पंज न दाबता उभा करावा. पाणी पुन्हा गळू लागते. स्पंज तोच, त्याची पाणी धरण्याची शक्तीही तीच. बदलली ती केवळ उंची. आडवा स्पंज म्हणजे बसके भांडे आणि उभा स्पंज म्हणजे खोल कुंडी, हे मग मुलांना समजावून सांगावे लागत नाही. गडग्यावरील सुकलेल्या मॉसचा पुंजका मे महिन्यात गोळा करून कागदाच्या पुडीत ठेवला, तर तो बशीत घेऊन वर पाण्याचे थेंब टाकताच पाने कशी उलगडतात, हेही तासाच्या आत पाहता येते. पाठ्यपुस्तकातील चित्रापेक्षा हा पाठ अधिक काळ स्मरणात राहतो.

मातीविषयी सांगायचे तर, जांभ्याची तांबडी माती बारीक चाळून एकटीच भरली की दोन-चार जोरदार सरींनंतर तिचा पृष्ठभाग लिंपल्यासारखा घट्ट होतो. शेतातील गाळाचीही तीच गत होते. खाजन जमिनीतील माती क्षारयुक्त असल्याने रोपांसाठी वापरूच नये. समुद्रकाठची वाळूही त्याच कारणासाठी वर्ज्य मानावी. तांबडी माती, नदीची भरड वाळू व चांगले कुजलेले कंपोस्ट समभाग घेऊन केलेले मिश्रण घरगुती रोपांसाठी पुरेसे होते. वाळू न मिळाल्यास भाताच्या तुसाचा काळा कोळसा, म्हणजे पांढरी राख होण्यापूर्वीच विझवलेले तूस, तेवढ्याच प्रमाणात वापरावे. काथ्याचा भुसा वापरणाऱ्यांनी मात्र एक सावधगिरी बाळगावी. त्याचा वरचा थर लवकर फिकट व कोरडा दिसू लागतो, पण आत तो चिंब असतो. नुसते वर पाहून पाणी घालणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

गोव्याची जांभी माती सामान्यतः आम्लधर्मी आहे व मॉसला आम्लता मानवते, यावरून चुना घातला की मॉस जाईल असा निष्कर्ष काढला जातो. परंतु मॉसच्या अनेक जाती चुन्याच्या भिंतींवर व सिमेंटवरही सुखाने वाढतात, हे कोणत्याही जुन्या घराच्या आवारात दिसून येईल. माती फार आम्ल असल्यास रोपाच्या भल्यासाठी चुना द्यावा, पण तो मातीची चाचणी करून, मिश्रण तयार करतेवेळी आणि शिफारशीप्रमाणे. वाढत्या रोपाच्या बुंध्याशी मूठभर चुना टाकल्याने कोवळ्या मुळांना इजा होते.

काढावे कसे, ठेवावे केव्हा

सर्वप्रथम रोपाचे वय पाहावे. टोमॅटोचे रोप साधारणतः २५ ते ३० दिवसांत, वांग्याचे ३० ते ३५ दिवसांत व मिरचीचे ३५ ते ४० दिवसांत लावणीयोग्य होते. आठवड्याभरात लावणी व्हायचीच असेल, तर मॉसच्या मागे लागू नये. रोप वाफ्यात किंवा उतारावर लावताना वरचा अर्धा बोट थर काढून टाकला की काम झाले. उघड्या, निचऱ्याच्या जमिनीत ते मॉस सहसा तग धरत नाही. लावणीला उशीर होऊन पिशवीतच रेंगाळलेल्या रोपांवर मॉस अधिक असते. अशा ठिकाणी मॉस काढण्यापेक्षा रोप लावून टाकणे हाच उपाय आहे.

रोप लहान असेल आणि थर बुंध्याला भिडला असेल, तर तो काढावा. त्यासाठी एखादा उघडिपीचा दिवस निवडावा व पृष्ठभाग किंचित सुकू द्यावा. ओल्या मातीत खरवडल्यास मॉसबरोबर मुळांसह मातीचा गोळा निघतो. डाव्या हाताच्या दोन बोटांनी रोपाचा बुंधा अलगद धरून, बांबूच्या कामटीने किंवा जुन्या चमच्याने कडेपासून बुंध्याकडे असा थर सोलत आणावा. तो बहुधा चटईसारखा एकसंध निघतो. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये, कारण वांगी-मिरचीची बारीक मुळे वरच्या थरातही असतात. ताठ ब्रशने घासून काढण्याची पद्धत टाळावी. तिने तुकडे उडून शेजारच्या कुंड्यांत पडतात व तेथे रुजतात. काढलेला थर रोपांपासून दूर खड्ड्यात पुरावा.

खरवडून उघडी पडलेली जागा तशीच ठेवली तर श्रम वाया जातात. तेथे लगेच सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा भरड, लवकर सुकणारा थर द्यावा. धुतलेली भरड वाळू चालते. भाताचे तूस अधिक चांगले व जवळजवळ फुकट मिळणारे आहे. तूस पाणी धरून ठेवत नाही, पाणी त्यातून खाली निघून जाते व वरचा भाग कोरडा राहतो, त्यामुळे मॉसच्या बीजाणूंना रुजायला जागा उरत नाही. त्यातही उकड्या तांदळाच्या गिरणीतील तूस घ्यावे. भात उकडलेले असल्याने तुसात राहून गेलेले दाणे रुजून कुंडीत भाताची रोपे उगवत नाहीत. ते चाळून घेतल्यास उंदरांचा त्रासही कमी होतो. थर बुंध्याला चिकटवू नये. भोवती बोटभर जागा मोकळी सोडावी.

ह्यानंतर सवयी बदलण्याचा भाग येतो, आणि खरे तर तोच मुख्य उपाय आहे. मे महिन्यात उन्हापासून संरक्षणासाठी बांधलेली सावलीची जाळी पाऊस सुरू झाल्यावरही तशीच राहते, आणि ढगाळ हवेत रोपांना मिळणारा थोडाफार प्रकाशही ती अडवते. पाऊस स्थिरावताच ती काढून तिच्या जागी पारदर्शक प्लास्टिकचा कागद उतरत्या मांडवासारखा ताणावा. बाजू मात्र पूर्ण मोकळ्या असाव्यात. कागद चारी बाजूंनी खाली ओढून घेतला तर आत वाफ कोंडून रोग वाढतो. वळचणीखाली, जेथे कौलांवरच्या पागोळ्या पडतात, तेथे कुंड्या मुळीच ठेवू नयेत. तेथील धारेने माती बसते व शिंतोडे बुंध्यावर उडतात. आंब्या-फणसाच्या दाट सावलीतील जागाही पावसाळ्यात निरुपयोगी होय. कुंड्या जमिनीवर टेकवून ठेवल्या की भोके चिखलाने बुजतात. म्हणून त्या दोन चिऱ्यांवर किंवा विटांवर अशा मांडाव्यात की भोक अधांतरी राहील. पिशव्यांना तळाशी व तळाजवळच्या बाजूंना मिळून सहा-आठ भोके असावीत. विकत आणलेल्या पिशव्यांची भोके काही वेळा अर्धवट पाडलेली असतात. भरण्यापूर्वी ती बोट घालून पाहावीत.

पाणी सकाळीच घालावे, म्हणजे पृष्ठभागाला सुकण्यास दिवस मिळतो. रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा, गरज असेल तेव्हा तळातून निथळेपर्यंत एकदा घालावे आणि मग थांबावे. गरज ओळखण्यासाठी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे, किंवा पिशवी उचलून तिचे वजन अजमावे. चार दिवसांच्या सरावाने हाताला हलकी व जड पिशवी कळू लागते. पावसाच्या दिवसांत आठवडाच्या आठवडा पाणी घालावे लागत नाही, तरीही केवळ सवयीने सायंकाळी झारी फिरवली जाते. अशा सवयीच्या झारीने मॉसपेक्षा कितीतरी अधिक रोपे मारली आहेत. तांदळाचे धुवण व मासळी धुतलेले पाणी मिरचीच्या कुंडीत ओतण्याची रीत घरोघरी आहे. त्या पाण्यात पोषक द्रव्ये असतात हे खरे. परंतु लहान कुंडीत ते रोज पडले की पृष्ठभाग ओलाही राहतो व सकसही होतो, आणि त्याचा पहिला लाभ शैवाल व मॉस घेतात. हे पाणी माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात जावे. वारंवार ओतलेल्या पातळ शेणकाल्याचीही मातीवर साय धरते; शेणखत द्यायचे ते पूर्ण कुजलेले व मातीत मिसळूनच द्यावे.

औषधांविषयी

विभागीय कृषी कार्यालयात शेवाळ मारण्याचे औषध मागणारे शेतकरी येतात, तेव्हा औषधाचे नाव सांगण्यापूर्वी कुंडीचा तळ पाहणे अधिक उपयुक्त ठरते. मीठ, व्हिनेगर, धुण्याचा सोडा, ब्लीचिंग पावडर, साबणाचे पाणी यांनी मॉस करपते यात शंका नाही. परंतु जमिनीतील झाडाच्या मुळांना जसे दूर पसरता येते तसे कुंडीतील मुळांना येत नाही. ओंजळभर मातीत जे पडेल ते सर्व त्यांनाच सोसावे लागते. हिरवळीच्या मैदानांवर मॉस मारण्यासाठी हिराकस वापरतात, ते ऐकून तो रोपांवर वापरणेही असेच घातक आहे.

कुळागरांच्या भागात एक विशेष धोका संभवतो. सुपारीवरील कोळेरोगासाठी पावसाच्या आरंभी बोर्डो मिश्रणाची फवारणी केली जाते. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद व १ किलो चुना १०० लिटर पाण्यात वापरतात. फवारणीनंतर उरलेले मिश्रण किंवा नुसते मोरचुदाचे पाणी शेवाळ जावे म्हणून परसातील कुंड्यांत ओतण्याचा मोह होतो. मोरचुदाचे नुसते पाणी कोवळ्या रोपांना जाळते, आणि तांबे मातीतून सहजासहजी निघून जात नाही. दरवर्षीच्या ओतण्याने ते साठत राहते. रोपे कोलमडण्याच्या रोगावर ताम्रयुक्त बुरशीनाशकाची शिफारस केली जाते हे खरे आहे, परंतु तिचा हेतू वेगळा, प्रमाण ठरलेले व वेळ निश्चित असते. तो रोग दिसल्यास आजारी रोपे मातीसह काढून टाकावीत, पाणी तोडावे व औषध कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच द्यावे. केवळ मॉससाठी कोणतेही औषध लागत नाही.

वायंगणी भाज्यांची रोपे बहुतेक ठिकाणी चतुर्थीच्या आगेमागे, पाऊस पूर्ण ओसरण्यापूर्वीच टाकली जातात, आणि पावसाळ्यातील रोपांच्या रिकाम्या झालेल्या पिशव्या व कुंड्या त्यासाठी पुन्हा वापरल्या जातात. त्यांतील जुनी माती तशीच वापरल्यास तिच्यातील मॉसचे तुकडे पहिल्या आठवड्यापासूनच हिरवे होतात. वरचा दोन बोटे थर काढून टाकावा. उरलेली माती माडाच्या आळ्यात घालावी. मात्र मर रोगाने किंवा कोलमडून रोपे मेलेल्या कुंड्यांतील माती परसाबाहेर लांब नेऊन पुरावी. कुंड्या आतून काथ्याने घासून धुवाव्यात, भोके मोकळी करावीत आणि ऊन मिळेल त्या दिवशी त्या उपड्या न ठेवता उताण्या वाळवाव्यात, म्हणजे तळही सुकतो.